माझ्यावर चुकलात तरी चालेल

श्रोतेहो, मी कविता लिहिणारा माणूस. बी.ए. झालो तेही मराठी वाङ्मय घेऊन. औषधांच्या नावांपैकी मला दोन-चारच पाठ आहेत आणि ती माझ्या स्वतःच्या रक्तदाबाची आहेत. तरीसुद्धा आज मी रुग्णवाहिकेत काम करणाऱ्या माणसांच्या शिक्षणाविषयी बोलणार आहे. कारण मागच्या पावसाळ्यात त्या शिक्षणासाठी मी तासभर रुग्ण होऊन जमिनीवर पडलो होतो.

त्याचं असं झालं. माझी पुतणी नर्स आहे. आमच्या बाभुळगाव तालुक्यात तिच्या खात्याचं दोन दिवसांचं शिबिर ठरलं. रुग्णवाहिकेवरची मुलं, नर्सताया आणि आशाताया असे पंचवीस-तीस जण त्यात शिकणार होते. शिकवायला पुण्याहून एक डॉक्टर येणार होते. आदल्या संध्याकाळी पुतणी घरी आली आणि म्हणाली, "चाचा, कविसंमेलनात एवढे हातवारे करता, तर उद्या तासभर आमच्यासाठी आजारी पडा ना. आणि घरातला एखादा जुना पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून या. तो कापला जाईल." मी हो म्हणालो. कशाचा आजार, हे विचारायचं राहून गेलं.

सकाळी तिथे पोचलो तेव्हा माझ्या हातात एक कागद देण्यात आला. त्यावर लिहिलं होतं : पुरुष, वय पन्नास, कपाशीवर सकाळपासून फवारणी करत होता, धुऱ्यावर पडलेला सापडला. खाली मी काय काय करायचं त्याची यादी होती. घाम, लाळ, डोळ्यांतून पाणी, उलटी, अंगाची थरथर, श्वास घरघरता. कागद वाचून माझे हातपाय गार पडले. त्याचं कारण पुढे सांगतो.

त्याआधी त्या कागदावरचं एक वाक्य मी बदलून घेतलं, ते सांगायला हवं. रुग्णाच्या तोंडी लिहिलं होतं, 'मला श्वसनास त्रास होत आहे.' मी डॉक्टरसाहेबांना म्हटलं, "साहेब, आमच्याकडे मरताना कुणी इतकं शुद्ध बोलत नाही. तो म्हणेल, 'दम लागून रायला गा, छातीत कसंतरी होऊन रायलं.'" साहेब हसले, पण लगेच त्यांनी वही काढली. आमच्या यवतमाळ जिल्ह्यात वऱ्हाडी बोलणारे आहेत, बंजारा तांड्यावरचे आहेत, कोलाम पोडावरचे आहेत. माझ्या घरात तर उर्दू आणि वऱ्हाडी एकाच ताटात वाढलेली असते. दुखणं सांगताना माणूस आपल्या आईच्या भाषेत सांगतो. ते कळलं नाही तर तपासणी चुकते. तेव्हापासून त्या शिबिराच्या कागदांवरचे रुग्ण वऱ्हाडीत कण्हू लागले, आणि एवढी माझी वैद्यकशास्त्राला देणगी समजा.

आता हा खोटा रुग्ण कशासाठी? इंग्रजीत याला सिम्युलेशन म्हणतात. आपण साधं 'हुबेहूब सराव' म्हणू. वैमानिक आधी जमिनीवरच्या खोट्या विमानात शिकतो, तसं हे. एडविन लिंक नावाच्या अमेरिकन माणसाने १९२९ च्या सुमारास असं एक यंत्र बनवलं. त्याच्या वडिलांचा वाद्यं बनवण्याचा कारखाना होता. ऑर्गनमध्ये हवा भरणारे भाते असतात, तेच भाते वापरून त्याने खोटं विमान डुलवलं. त्यात चुकलं तर विमान पडत नाही आणि शिकणारा मात्र शिकतो.

वैद्यकात ही कल्पना मात्र फार जुनी आहे आणि ती आपल्याच मातीत सापडते. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात नववा अध्याय या सरावासाठीच दिलेला आहे. शास्त्र कितीही वाचलेलं असलं तरी ज्याने हाताने सराव केला नाही तो कामाचा नाही, असं त्यात बजावलं आहे. मग सराव कशावर करायचा? चिरा घ्यायला कोहळा, भोपळा, कलिंगड, काकडी. शिवायला जाड-बारीक कापडाच्या आणि मऊ कातड्याच्या कडा. शीर टोचायला मेलेल्या जनावराच्या शिरा नाहीतर कमळाचा देठ. आणि पट्ट्या बांधायला? त्यासाठी कापड वगैरेचा बनवलेला अख्खा माणूस, हातापायांसकट. श्रोतेहो, आज ज्याला 'मॅनिकिन' म्हणतात आणि ज्याच्या किमतीचा आकडा ऐकून जिल्हा कचेरीत फाईल अडकते, त्याचा पूर्वज आपल्याकडे कधीच येऊन गेला होता.

फ्रान्समध्ये अठराव्या शतकात आंजेलिक द्यु कुद्रे नावाची एक सुईण होती. राजा पंधराव्या लुईने १७५९ मध्ये तिला देशभर फिरून खेड्यातल्या बायांना बाळंतपण शिकवायची सनद दिली. अक्षर न येणाऱ्या बायांना पुस्तक काय कामाचं? म्हणून तिने कापड आणि कातड्याचं बाईचं धड बनवलं, आत बाळ ठेवलं, आणि आडवं आलेलं मूल कसं वळवायचं ते हातांना शिकवलं. वीस-पंचवीस वर्षं ती गावोगाव फिरली आणि हजारो बाया तिच्याकडून शिकल्या.

आणि तिसरी गोष्ट ज्या बाहुलीची आहे तिचा चेहरा तुम्ही कदाचित पाहिला असेल. छाती दाबून आणि तोंडाने श्वास देऊन बंद पडलेलं हृदय चालू ठेवायची रीत आज सगळ्यांनी ऐकलेली आहे. तिला सीपीआर म्हणतात. तोंडाने श्वास देण्याची आधुनिक पद्धत पीटर साफर या डॉक्टरने सिद्ध केली. बाहेरून छाती दाबण्याची पद्धत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समधल्या तिघांनी १९६० मध्ये जगापुढे मांडली. पण शिकवायचं कसं? जिवंत माणसाची छाती इतक्या जोराने दाबता येत नाही. तेव्हा नॉर्वेतल्या ओसमुंड लार्डाल नावाच्या खेळणी बनवणाऱ्याने माणसाएवढी बाहुली बनवली. त्याने स्वतःच्या लहान मुलाला बुडता बुडता वाचवलं होतं, त्यामुळे हे काम त्याला परकं वाटलं नाही. बाहुलीला त्याने चेहरा दिला तो पॅरिसमधल्या एका अनोळखी मुलीचा. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सीन नदीत सापडलेल्या एका मुलीचा मृत्यूनंतर घेतलेला हा मुखवटा, असं सांगतात. तिचं नाव कुणालाच ठाऊक नाही. जिला कुणी वाचवू शकलं नाही तिच्या ओठांवर ओठ ठेवून जगातली कोट्यवधी माणसं दुसऱ्याला वाचवायला शिकली. मी कवी आहे, पण एवढी मोठी कल्पना मला आयुष्यात सुचली नसती.

त्या साफर डॉक्टरांची हकीगतही ऐकण्यासारखी आहे. १९६६ मध्ये त्यांची लहान मुलगी दम्याच्या झटक्याने गेली. त्या काळी तिथली रुग्णवाहिका म्हणजे नुसती पोचवणारी गाडी होती. दुःखात बसून न राहता या माणसाने पुढच्याच वर्षी पिट्सबर्ग शहरातल्या गरीब कृष्णवर्णीय वस्तीतली बेकार मुलं गोळा केली, त्यांना महिनोन् महिने शिकवलं आणि 'फ्रीडम हाउस' नावाची रुग्णवाहिका सेवा उभी राहिली. ज्यांना कुणी नोकरी देत नव्हतं ती मुलं रस्त्यावर जीव वाचवू लागली. अमेरिकेतल्या आजच्या पॅरामेडिक व्यवसायाचा पाया घालणाऱ्यांत त्यांचं नाव घेतलं जातं.

आता आपल्याकडे येऊ. महाराष्ट्रात १०८ क्रमांकाची सेवा २०१४ मध्ये सुरू झाली, ती ९३७ गाड्यांनिशी. त्यातल्या २३३ गाड्या अतिगंभीर रुग्णांसाठी आणि ७०४ प्राथमिक जीवरक्षणासाठी होत्या. गाडीवर डॉक्टर असावा, हे आपल्या राज्याचं वैशिष्ट्य ठरलं. हे चांगलंच झालं. पण गाडी आली म्हणजे काम झालं असं नसतं. गाडीत जो उतरतो त्याच्या हाताला पहिल्या पाच मिनिटांत काय करायचं ते न विचारता आठवलं पाहिजे. ते आठवणं पुस्तकातून येत नाही, ते सरावातून येतं. म्हणून २०१५ मध्ये केंद्राने नर्सताया आणि सुईणकाम करणाऱ्यांसाठी 'दक्ष' नावाच्या कौशल्य प्रयोगशाळा काढल्या. २०२० च्या नियमांनी वैद्यकीय महाविद्यालयांना अशी प्रयोगशाळा सक्तीची केली. डॉक्टर, नर्स आणि पॅरामेडिक यांच्यासाठी तातडीच्या जीवरक्षणाचा राष्ट्रीय अभ्यासक्रम डिसेंबर २०२१ मध्ये आला. त्याच वर्षी अशा सहायक व्यावसायिकांसाठी स्वतंत्र कायदाही झाला.

आपल्या विदर्भाने तर याच्या कितीतरी आधी जगाला एक धडा दिला आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी ३९ गावांत पाच-दहा इयत्ता शिकलेल्या बायांना आरोग्यदूत केलं. जन्मल्यावर न रडणाऱ्या बाळाला श्वास कसा द्यायचा हे त्या शिकल्या. आधी तोंडाने, नंतर नळी आणि मास्कने, त्यानंतर पिशवी आणि मास्कने. हजारी ६२ च्या घरात असलेले नवजात बाळांचे मृत्यू तिथे २५ च्या आसपास आले. १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात ते छापून आलं तेव्हा जगाने कान टवकारले. खेड्यातली बाई हे करू शकते, हात नीट शिकवले तर. आज जगभर हा बाळाला श्वास देण्याचा धडा बाहुलीवरच गिरवतात. काही बाहुल्यांत तर कोमट पाणी भरतात. म्हणजे ती हातात घेतली की खऱ्या बाळासारखी जड आणि ऊबदार लागते.

असो. शिबिराकडे वळू.

माझ्या शर्टावर पुतणीने निळ्या शाईचं पाणी शिंपडलं. का, ते कुणाला सांगितलं नाही. तोंडात साबुदाण्याची पातळ पेज धरायला दिली, लाळ म्हणून. माझे एक मित्र, निवृत्त गुरुजी, माझे भाऊ झाले होते. त्यांना आरडाओरडा करायचा होता आणि तो त्यांनी इतका मनापासून केला की शेजारच्या दुकानातली दोन माणसं खरंच धावत आली. खऱ्या प्रसंगी नातेवाइकांचा गोंधळ असतोच. बाहुली एकटी असते, रुग्ण कधीच एकटा नसतो. म्हणून सरावात गोंधळही ठेवायचा.

पहिली जोडी आली. त्यातला मुलगा बावीस-तेवीस वर्षांचा, चेहऱ्यावर घाम खराखुरा. त्याने माझ्या शर्टाच्या बाहीवरूनच रक्तदाबाचा पट्टा गुंडाळला. मला उताणं ठेवलं. गुरुजी ओरडत होते, "काई करता का नाई?" मुलगा आणखी घाबरला. पेज माझ्या घशात उतरून मला खरा ठसका लागला. डॉक्टर एका बाजूने नुसते आकडे सांगत होते. "नाडी ४८. बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. श्वास घरघरतो आहे." चार मिनिटांनी त्यांनी थांबवलं आणि म्हणाले, "सगळ्यांनी आपापले हात बघा."

मुलाचे दोन्ही तळवे निळे झाले होते. बाही निळी, कपाळावर जिथे घाम पुसला तिथे निळं. त्याच्या जोडीदाराचा गळा निळा. स्ट्रेचर निळं. माझ्या गालावर निळं. गुरुजीही निळे.

तेव्हा डॉक्टरांनी शांतपणे समजावलं. आपल्या शरीरात मज्जातंतू स्नायूंना आणि ग्रंथींना निरोप देतात. निरोप पोचला की तो पुसून टाकणारं एक द्रव्य शरीरात असतं. कपाशीवरची कित्येक औषधं हे पुसणारं द्रव्यच बंद पाडतात. मग निरोप पुसलाच जात नाही. घाम थांबत नाही, लाळ थांबत नाही, फुप्फुसात पाणी साचत राहतं आणि माणूस कोरड्या जमिनीवर बुडून मरतो. हे विष पोटात जावं लागतं असं नाही. ते कातडीतून शिरतं. भिजलेला शर्ट अंगावर आहे तोवर विष आत जातच राहतं. म्हणून पहिली गोष्ट रक्तदाब नव्हे. पहिली गोष्ट, आपल्या हातात मोजे, नाहीतर निदान प्लास्टिकच्या पिशव्या. दुसरी गोष्ट, कात्रीने शर्ट कापून दूर फेकायचा. मग साबण आणि भरपूर पाणी, केसांपासून नखांपर्यंत. माणसाला डाव्या कुशीवर वळवायचं, तोंडातली लाळ काढायची, प्राणवायू लावायचा. डॉक्टर मग ॲट्रोपिन देतील आणि फुप्फुसातलं पाणी आटेपर्यंत देत राहतील.

श्रोतेहो, आता मघाशी अर्धवट ठेवलेलं सांगतो.

१९९३ मध्ये मी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होतो. माझे मोठे भाऊ, भाईजान, आमची पाच एकर कपाशी करत होते. भादव्यातल्या एका दुपारी ते धुऱ्यावर पडलेले सापडले. आम्हाला वाटलं ऊन लागलं. अंग घामाने थबथबलेलं आणि हुडहुडी भरल्यासारखं थरथरत होतं. अम्मीने गोधडी आणली आणि आम्ही त्यांना त्या ओल्या शर्टासकट घट्ट गुंडाळलं. बैलगाडीत मी त्यांचं डोकं मांडीवर घेऊन बसलो, उताणं. सडकेवर जीप मिळेपर्यंत बराच वेळ गेला, तिथून दवाखाना आणखी लांब. आणि एक गोष्ट मी आजवर कुणाला सांगितली नव्हती. गाव लागलं तेव्हा मी त्यांच्या शर्टाची उघडी बटणं लावली. मोठा नीटनेटका माणूस होता. लोकांनी असं उघडं बघू नये, असं मला वाटलं. भाईजान दवाखान्याच्या पायऱ्यांवर गेले. त्यांची मुलगी तेव्हा आठ महिन्यांची होती. तीच ही पुतणी.

तीस वर्षं मी मनात रस्त्याला दोष दिला, जीपवाल्याला दिला, नशिबाला दिला. त्या सभागृहात जमिनीवर निळ्या शर्टात पडलेलो असताना मला पहिल्यांदा कळलं की ती बटणं मी लावली होती.

डॉक्टरांनी त्या मुलाला झापलं नाही. या सरावातला खरा भाग प्रसंग संपल्यावर सुरू होतो. सगळे गोल बसतात आणि बोलतात. काय दिसलं, काय वाटलं, काय सुचलं नाही. त्यांनी मुलाला विचारलं, "शर्ट ओला दिसला होता?" तो म्हणाला, "दिसला होता सर. वासाचं पण मनात आलं. पण एवढ्या लोकांसमोर वयस्क माणसाचे कपडे कसे काढायचे, असं वाटलं."

मला उठून त्या मुलाचा हात धरावासा वाटला. तीस वर्षांपूर्वीचा मीच तो. आम्हाला अक्कल कमी नव्हती, आम्हाला लाज आडवी आली. आणि ही लाज कुठल्याही पुस्तकात लिहिलेली नसते. ती फक्त हुबेहूब प्रसंगातच वर येते. मग त्यावर चर्चा झाली. चादर धरायची. बाई असेल तर चार बायांना कडं करायला सांगायचं, निंदणाच्या बायांनाही फवारलेल्या शेतात त्रास होतो. मोठ्याने सांगायचं, 'कपड्यात विष आहे, म्हणून कापतो.' एकदा सांगितलं की नातेवाईकच कात्री आणून देतात.

दुपारी पुन्हा तोच प्रसंग, तोच मुलगा. या वेळी मोजे चढवतच तो धावत आला. गुरुजींना म्हणाला, "काका, तुम्ही दूर व्हा, चादर धरा, आणि औषधाचा डबा कुठं आहे तो आणा, दवाखान्यात दाखवायला लागेल." गुरुजी ओरडायचं विसरून चादर धरून उभे राहिले. कात्री माझ्या पोटापासून गळ्यापर्यंत सर्रकन गेली. मला कुशीवर वळवलं. डोळे मिटून होतो ते बरं झालं. डोळ्यांतून पाणी काढायचं कागदावर लिहिलेलंच होतं, त्यामुळे कुणाला काही वेगळं वाटलं नाही.

संध्याकाळी छाती दाबायचा सराव झाला. मीही गुडघे टेकून बाहुलीपुढे बसलो. मिनिटाला १०० ते १२० वेळा, पाच ते सहा सेंटिमीटर खोल, आणि दर वेळी छाती पुरती वर येऊ द्यायची. तीस दाब, दोन श्वास. वेगाची मला अडचण आली नाही, आयुष्यभर मात्रा मोजल्या आहेत. केहरवा जरा चढा वाजवला की झालं. पण खोली! बाहुलीच्या छातीत 'टक्' असा आवाज झाला तर पुरेसं दाबलं असं समजायचं. माझ्या पहिल्या वीस दाबांत तो आवाज एकदाही आला नाही. कवीचे हात, दुसरं काय. दोन मिनिटांत दम लागला. म्हणून तर दर दोन मिनिटांनी माणूस बदलायचा, हे मला तिथेच उमगलं.

आता थोडं कडू बोलतो. एकदा शिबिर झालं, प्रमाणपत्र मिळालं, फोटो निघाला, की पुढे वर्षानुवर्षं काही नाही, असंही होतं. सराव सुटला की काही महिन्यांतच हात विसरू लागतात. तबल्याचा हात सुटतो तसंच हे. महागडी बाहुली कपाटात आणि कपाटाची किल्ली साहेबांच्या खिशात, तर त्या बाहुलीचा उपयोग काय? आमच्या शिबिरात निळी शाई, साबुदाणा, जुना शर्ट आणि दोन म्हातारे एवढ्याच सामानावर मुलं शिकली. यंत्र भारी असण्यापेक्षा सराव वारंवार होणं आणि त्यानंतर मोकळेपणाने बोलणं महत्त्वाचं. आपल्या देशात चूक कबूल करायला बसायची सवय नाही. ती सवय या निमित्ताने लागली तरी पुष्कळ झालं.

आणि सरावाने सगळं होतं असंही मी म्हणत नाही. २०१७ च्या पावसाळ्यात आमच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषाने वीसाहून अधिक माणसं गेली. शेकडो दवाखान्यांत पडली. त्या वर्षी कपाशी डोक्याएवढी वाढली होती, फवारा तोंडावरच येत होता, असं लोक सांगत. तिथे आधी प्रश्न होता मजुराच्या अंगावर संरक्षक कपडे का नाहीत, कोणती औषधं कशात मिसळून विकली जातात, रोजंदारीवर फवारणाऱ्याला त्याचं विष कुणी समजावून सांगितलं का, हा. माणूस पडूच नये, हे पहिलं. पण पडला तर त्याच्यापर्यंत पोचणाऱ्या हातांना काय करायचं ते माहीत हवं, हे दुसरं. दुसरं नसेल तर पहिल्याच्या चर्चेसाठी माणूस उरत नाही.

शिबिर संपल्यावर पुतणीच्या स्कूटरवर मागे बसून घरी निघालो. बेंबळेचा वारा येत होता. मी बराच वेळ गप्प होतो. मग तिला बटणांचं सांगितलं. ती गाडी हळू करत म्हणाली, "चाचा, शर्टाचं मला नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षालाच कळलं होतं. विष कातडीतून जातं हा धडा आला त्या दिवशी. दादीने गोधडी घातली होती हे ती नेहमी सांगायची ना, 'मी माझ्या लेकाला ऊब दिली' म्हणून. तिला कसं सांगणार? म्हणून कुणालाच नाही सांगितलं. पण हा प्रसंग शिबिरात घ्यायचा, हे तेव्हाच ठरवलं होतं."

अम्मी चार वर्षांपूर्वी गेल्या. लेकाला ऊब दिली, हे समाधान घेऊन गेल्या. ते तसंच राहू द्यावं, हे त्या पोरीला विशीत कळलं होतं.

श्रोतेहो, आता फवारणीचे दिवस येतील. कुणी धुऱ्यावर पडलेलं दिसलं तर एवढं लक्षात ठेवा. हाताला पिशवी बांधा. भिजलेले कपडे काढून फेका, लाजू नका, गुंडाळू नका. साबण-पाण्याने धुवा. कुशीवर ठेवा. ओकारी काढायला लावू नका, दूध-तूप पाजू नका. १०८ ला फोन करा आणि औषधाचा डबा सोबत द्या. पोलिसांचा ससेमिरा लागेल म्हणून रस्त्यावरच्या अपघातग्रस्ताला टाळू नका. मदत करणाऱ्याला त्रास देऊ नये, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये बजावलं आहे आणि २०१९ च्या दुरुस्तीने ते मोटार वाहन कायद्यातच आलं आहे.

आणि तुमच्या तालुक्यात असं शिबिर लागलं, त्यांना पडून राहायला एखादा माणूस हवा असेल, तर जा. फार काही करावं लागत नाही, तासभर निपचित पडायचं. आमच्या त्या मुलाने शिबिराच्या शेवटी माझी माफी मागितली, सकाळी ठसका लागला म्हणून. मी त्याला म्हटलं, "बेटा, माझ्यावर चुकलास ते चांगलं झालं. माझ्यावर दहा वेळा चुकलास तरी चालेल. मी त्यासाठीच आलो होतो."

पुढच्या शिबिराला मी पुन्हा जाणार आहे. जुने शर्ट घरात अजून पुष्कळ आहेत. एवढं सांगून थांबतो.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)